कात्रीचा काय गुन्हा?

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. वय अठ्ठावीस, नोकरी हिंजवडीला, शनिवार-रविवार साताऱ्याला. सात महिन्यांपूर्वी त्याने डोक्याच्या पुढच्या भागात केस लावून घेतले. परवा जिन्यात भेटला तर क्षणभर ओळखू येईना. कानांवर दोन्ही बाजूंनी झुलपं, मानेवर शेपूट आणि कपाळाच्या वर विरळ, वेड्यावाकड्या, बोटाच्या पेराएवढ्या काड्या. म्हटलं, "अरे, कटिंग कधी करणार?" तो म्हणाला, "काका, अजून पाच महिने. वर्ष होईपर्यंत कात्री लावायची नाही. तुम्ही तो लेख नाही वाचला?"

वाचला होता. गेल्याच्या गेल्या महिन्यात याच मासिकात आला होता. लेखक वयाने ज्येष्ठ, नावाने मोठे. त्यांचं ललित लेखन मी कॉलेजात असल्यापासून वाचत आलोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लावलेला केस म्हणजे कोवळं रोप, त्याला वर्षभर कात्री लागता कामा नये. त्यांच्या पुतण्याने चौथ्या आठवड्यात न्हाव्याकडे जाऊन केस नीट करून घेतले आणि पुढच्या पंधरा दिवसांत लावलेलं सगळं झडून गेलं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर न्हाव्याच्या दुकानाची पायरी चढू नये. डॉक्टरांनी केलेलं नाजूक काम अर्धशिक्षित हातांत देऊ नये. आणि शेवटी एक घरगुती सल्ला: सहा महिने झाले की एकदा गोटा करून घ्यावा, म्हणजे केस दाट येतात.

वर्षभर कात्री नको, पण सहाव्या महिन्यात वस्तरा चालेल. हे दोन्ही एकाच लेखात, तीन परिच्छेदांच्या अंतराने. संपादकांनी हे कसं पास केलं, हा प्रश्न मी इथे विचारत नाही, कारण हा लेखही त्यांच्याच टेबलावर जाणार आहे.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या स्वतःच्या डोक्यात दोन हजार तीनशे ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट लावलेले केसांचे पुंजके, आहेत आणि त्यांना चौदा महिने झालेत. या चौदा महिन्यांत मी डॉक्टरांइतकंच न्हाव्यांकडूनही शिकलो. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

आधी ते रोप. सगळा घोटाळा या एका उपमेने केलाय, आणि ही उपमा फक्त लेखकमहाशयांची नाही. दवाखान्यांच्या जाहिरातींतही तेच: शेत, लावणी, पीक. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे मलाही ती पहिल्यांदा गोड वाटली. पण रोपाचं पान जिवंत असतं. पान खुडलं तर रोपाचं अन्न तुटतं, म्हणून कोवळ्या रोपाला गुरांपासून जपायचं. केसाचं उलट आहे. कातडीच्या वर जो दिसतो तो केस मेलेला असतो. त्यात रक्त नाही, नस नाही, तो कुणाला अन्न पुरवत नाही. जिवंत आहे ते मूळ, आणि ते कातडीखाली चार-पाच मिलिमीटर खोल बसलेलं. कात्री चालते ती वर. तिने खालच्या मुळाला इजा करायची तर आधी कातडीत खुपसावी लागेल, आणि तसं करणारा न्हावी निदान मला तरी अजून भेटलेला नाही. शेतीचीच उपमा हवी असेल तर उसाचा खोडवा घ्या. वरून तोडला तरी बुडखा फुटतोच. तोडला म्हणून ऊस मेला, असं म्हणणाऱ्या माणसाला कराड-वाळव्याकडे कुणी पारावर बसू देणार नाही.

केस एका जागेवरून काढून दुसरीकडे लावता येतो, हे मुळात शक्य झालं तेच या मुळाच्या स्वभावामुळे. जपानच्या डॉक्टर ओकुडांनी १९३९ साली भाजलेल्या, व्रण पडलेल्या जागी केसांसकट कातडीचे बारीक गोल तुकडे बसवल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढे न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवून दिलं की डोक्याच्या मागचा केस टाळूवर नेऊन लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो. टाळूवरच्या केसांना पडणारं टक्कल त्याला पडत नाही. केसाचं नशीब मुळाबरोबर जातं. वरच्या काडीचं काय होतं याला या सगळ्या व्यवहारात किंमत नाही, इतकी नाही की शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर स्वतःच ती काडी मशिनने मिलिमीटरभर उरेल अशी कापून टाकतात. म्हणजे कात्रीने केस दुखावतो म्हणणाऱ्यांनी पहिला गुन्हा डॉक्टरांवर दाखल करायला हवा.

मग भीती कशाची बाळगायची? भीती खरी आहे, फक्त तिची मुदत वेगळी आहे. पहिले दहा दिवस.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. पाठ टेकून, मान उंच करून, जवळजवळ बसूनच झोपायचं. गळ्यात ती विमानप्रवासातली उशी. दर तासाला सलाईनच्या पाण्याचा फवारा, बाटली कायम हाताशी. डोक्यावरून ओढायचे कपडे बंद, फक्त बटणांचे शर्ट. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली आणि आरशात कुणीतरी भलताच चिनी पाहुणा दिसायला लागला. आई म्हणाली, "मार खाऊन आल्यासारखा दिसतोस." आंघोळीला शॉवर नाही. मगमधून पाणी अगदी जवळून, धार न पाडता ओतायचं आणि लहान मुलांचा शाम्पू बोटांच्या पेरांनी नुसता टेकवायचा, चोळायचा नाही. प्रत्येक ग्राफ्टभोवती तिळाएवढी खपली. आणि खाज! खाज अशी की माणसाने देव आठवावा. नखं मी इतकी बारीक कापली होती की संत्रं सोलता येत नव्हतं.

इथे खरोखर एक खपली ओढली तर ग्राफ्ट हातात येतो. किती दिवस? हे कुणाच्या पुतण्यावरून ठरवायची गरज नाही. बर्नस्टाइन आणि रासमन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी ते २००६ साली प्रत्यक्ष ओढून पाहिलंय. रोज थोडे केस आणि थोड्या खपल्या ओढायच्या आणि काय निसटतं ते बघायचं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघत होता. घट्ट चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत हमखास निघत होता, मग धोका कमी कमी होत आठव्या दिवसापर्यंत. नवव्या दिवशी काही केल्या निघेना. कातडीने त्याला आपलं म्हटलं होतं. म्हणूनच बहुतेक डॉक्टर दहाव्या-बाराव्या दिवशी खपल्या भिजवून, फेस करून, हलक्या हाताने गोल फिरवून काढायला सांगतात. त्या दिवसानंतर हेल्मेट घालायचं की नाही, टोपी किती सैल हवी, उन्हात किती वेळ उभं राहायचं, पोहायला कधी जायचं, असे प्रश्न उरतात आणि ते डॉक्टरांना विचारायचे. कातडी अजून गुलाबी असते, बधिर असते, तिला जपायचं. पण ग्राफ्ट उपटला जाईल ही भीती संपलेली असते.

आता पुतण्या. मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण त्याच्या काकांनी त्याला उदाहरण केलंय आणि तेही चुकीच्या गोष्टीचं. चौथ्या आठवड्यात केस कापले, सहाव्या आठवड्यापर्यंत झडले. बरोबर. माझेही झडले. मी कापले नव्हते तरी झडले. तिसऱ्या आठवड्यात उशीवर बारीक काड्या दिसायला लागल्या आणि मी घाबरून त्या एका पांढऱ्या कागदाच्या पुडीत जमा केल्या, सदतीस होत्या. पुडी घेऊन पुण्याला गेलो. डॉक्टरांनी ती उघडली, हसले आणि म्हणाले, "या काड्या आहेत, मुळं नाहीत. टाकून द्या." जागा बदलल्याच्या धक्क्याने मूळ विश्रांतीला जातं आणि जाताना जुनी काडी सोडून देतं. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत हे होणार, जवळपास सगळ्यांचं होणार. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तेच मूळ नवी काडी काढायला घेतं. हे वेळापत्रक कात्रीला विचारून चालत नाही. पुतण्याने केस कापले नसते तरी ते त्याच पंधरवड्यात गेले असते; कापून घेतले म्हणून जाताना थोडे आखूड होते, एवढाच फरक. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली आणि काकांनी कावळ्यावर लेख लिहिला.

लेखात पुढे काय झालं हे नाही, ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. सहाव्या आठवड्यात झडले, बरं, मग सहाव्या महिन्यात? आठव्या महिन्यात? पुतण्याच्या डोक्यावर आज काय आहे? एकाही ओळीत नाही.

दाट येण्यासाठी गोटा, हा तर आपल्या घराघरांतला पुराणपुरुष. जावळ काढलं की केस दाट येतात, दाढी लवकर सुरू केली की राठ येते, मुलीच्या हातावर वस्तरा लावू नये. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ सालीच दाढीवर मोजमाप करून सांगितलं होतं की वस्तऱ्याने केस ना जाड होतो, ना वेगाने वाढतो. १९७० साली दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा एकदा पाच तरुणांचा एकेक पाय कित्येक महिने दर आठवड्याला वस्तऱ्याने साफ करून दुसऱ्या पायाशी ताडून पाहिला. काही फरक नाही. होतं काय, की न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्याचं बोथट, म्हणून तो हाताला राठ लागतो. बाळाचे केस पुढे दाट होतात ते बाळ मोठं होतं म्हणून. जावळ न काढलेल्या बाळाचेही होतात. मुळं जितकी आहेत तितकेच केस येणार. वस्तरा मुळं पेरत नाही.

पण ही समजूत निरुपद्रवी आहे, असं म्हणून मी तिला सोडून दिलं असतं. केसाचं त्यात काही जात नाही. सहा महिने वाट पाहून उगवलेलं जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर पुन्हा शून्यावर आणायचं आणि पुन्हा टोपी घालून हिंडायचं, हे ज्याला सोसेल त्याने खुशाल करावं. मला या बाबतीत निवड करायची वेळच आली नाही.

शस्त्रक्रियेला आठ आठवडे झाले आणि वडील गेले. चैत्र होता. दहाव्या दिवशी संगम माहुलीच्या घाटावर आम्ही सगळे. कृष्णेला पाणी कमी, वेण्णेला त्याहून कमी. थोरला मुलगा मी, म्हणजे क्षौर माझंच पहिलं. माझ्या डोक्यावर तेव्हा काय होतं? मागे-बाजूला दोन सेंटीमीटरचं कातरलेलं रान आणि पुढे जवळजवळ काहीच नाही, फक्त लालसर कातडी. आदल्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले होते, मागे-बाजूला काही हरकत नाही, वरच्या भागावर वस्तरा नको, मशिनला एक नंबरचं गार्ड लावून हलकं फिरवा, जखम होऊ देऊ नका. हे मी माझ्या काकांना सांगितलं. काका म्हणाले, "बाप गेलाय आणि तुला केसांची पडलीय?" भावकीतली दहा माणसं इकडेतिकडे बघायला लागली. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

घाटावरचा न्हावी सत्तरीचा असावा. धोकटी नव्हती, रेक्झिनची जुनी बॅग होती. त्याने मला पाटावर बसवलं, डोकं पुढे वाकवलं आणि हात थांबवला. अंगठ्याने कपाळाच्या वरची कातडी हलकेच दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग माझ्या कानाशी वाकून अगदी हळू विचारलं, "किती दिस झालं?"

"दोन महिने."

"मग वर वस्तरा न्हाय घालत. मशिन मारतो. बाजूचं वस्तऱ्यानं काढतो, म्हंजी तुमच्या मान्सास्नीबी वस्तरा दिसंल."

आणि त्याने तसंच केलं. नवी ब्लेड माझ्यासमोर कागदातून काढली, मोडून वस्तऱ्यात घातली. मागचं, कानांवरचं स्वच्छ काढलं. वर मशिन फिरवलं, इतकं अलगद की मला फक्त घरघर ऐकू आली. काका म्हणाले, "वर वस्तरा नको का लावायला?" गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "क्षौर झालं. पुढे घ्या." संपलं.

तो म्हातारा हे कुठे शिकला असेल? पुण्या-मुंबईची माणसं दहाव्याला गावी येतात, त्यांतली काही केस लावून आलेली असतात. तो एवढंच म्हणाला, "आता लई येत्यात असली डोकी." माझ्या केसांचं पुढे काहीही बिघडलं नाही, चौथ्या महिन्यात यायचे तेव्हाच आले. माझ्या एका डोक्यावरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तसं केलं तर मीही कावळाच मोजीन. पण ‘हत्यार लागलं की पीक गेलं’ असा सरसकट नियम कुणी सांगत असेल तर तो मोडायला एक डोकं पुरतं.

आणि या माणसाला लेखकमहाशय अर्धशिक्षित म्हणतात.

इथे मला थोडा राग येतो, तो लपवत नाही. न्हाव्याच्या हातातलं शहाणपण आपल्याकडे कधी मोजलंच गेलं नाही. बलुत्यात त्याचा वाटा पायलीने मोजला, कामाला मात्र ‘हजामत’ म्हणून शिवीच केली. मुंबईत १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. शिकलेसवरलेले लोक तेव्हा शास्त्रार्थ करत बसले होते. वस्तरा कुठे चालवायचा नाही, हे कळणाऱ्याला कारागीर म्हणतात, आणि ते कळायला पदवी लागत नाही.

शिवाय हातकाम म्हणून पाहिलं तरी हा हिशेब लेखकमहाशयांच्या लक्षात आलेला दिसत नाही. निरोगी डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण ऐंशीच्या आसपास केसांचे पुंजके असतात. लावताना एका बैठकीत तीस ते पंचेचाळीस बसवतात. त्याहून दाटी केली तर रक्तपुरवठा पुरत नाही आणि मागचं भांडवलही संपतं. म्हणजे उत्तमातल्या उत्तम शस्त्रक्रियेनंतरही पुढे निम्मीच दाटी असते. निम्म्याला पूर्ण दिसायला लावतो तो न्हावी. बाजू किती आवळायच्या म्हणजे वरचं भरलेलं वाटेल, भांग कुठून काढला म्हणजे विरळ पट्टा झाकला जाईल, पुढची बट किती लांब ठेवली तर कपाळावर सावली पडेल, वर थिनिंगची कात्री चुकूनही का लावायची नाही. डॉक्टर मुळं लावतात. पण ‘तुझे केस आले की रे’ असं लोक म्हणतात ते न्हाव्याच्या कामाकडे बघून.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं नेमकं इथेच नुकसान होतंय. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याचं सगळं डोकं मशिनने काढलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. बाजूचे केस सात महिने अखंड वाढले, झाले सात सेंटीमीटर. पुढचे आधी झडले, साडेतीन-चार महिन्यांनी नव्याने निघाले, ते तीन सेंटीमीटर. त्यातही पहिले येणारे केस बारीक, वाकडे, तारेसारखे. ते सरळ आणि जाड व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. म्हणजे कात्री न लावल्याने त्याचं टक्कल होतं त्याहून मोठं दिसतंय. बाजूचा काळा डोंगर आणि मधलं माळरान. त्याची आई मला म्हणाली, एवढे पैसे घालून फुकट गेले बघा. पैसे फुकट गेलेले नाहीत. पंधरा मिनिटांची कटिंग राहिलीय.

न्हाव्यांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकायचे नाहीत. कात्री निर्दोष असली तरी दुकानात दोषी वस्तू आहेत. पहिली म्हणजे चंपी. कटिंग झाली की कारागीर न विचारता दोन्ही हातांनी डोक्यावर ताशा वाजवायला घेतो, मग केस मुठीत धरून खेचतो, शेवटी मान कडकन मोडतो. साध्या माणसानेही मान मोडून घेऊ नये. ताज्या डोक्याच्या माणसाने तर चंपीचं नावसुद्धा काढू नये, निदान तीनेक महिने. दुसरी, सगळ्यांच्या मानेवरून फिरलेला ओला नॅपकिन आणि न धुतलेला ब्रश. गजकर्ण हल्ली औषधांना दाद देईनासं झालंय, आणि नुकत्या भरलेल्या कातडीवर ते नको. तिसरी, जुनी ब्लेड. चौथी, केसांचा रंग. पांढरे केस झाकायची घाई सगळ्यांना असते. पण अमोनियाचं पाणी महिना-दीड महिना तरी त्या कातडीवर पडू देऊ नये, आणि मग डॉक्टरांना विचारूनच. स्ट्रेटनिंग-केराटिनचं तर वर्षभर विसरा. यातल्या एकाही वस्तूचा लेखात उल्लेख नाही. सगळा रोख कात्रीवर.

मागच्या बाजूचंही सांगायला हवं, कारण तिथे कात्री खरंच चुकू शकते. मुळं एकेक करून काढली असतील तर मागे मिलिमीटरभराचे पांढरे ठिपके राहतात. पट्टी काढून शिवलं असेल तर कानापासून कानापर्यंत एक रेघ राहते आणि टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. केस तीन-चार नंबरवर ठेवले तर यातलं काही दिसत नाही. हल्लीच्या पोरांना मागून झिरो फेड हवा असतो; तो मारला की रेघ गावभर दिसते. यात केसांचं नुकसान नाही, गुपिताचं आहे. पण न्हाव्याला आधी सांगितलं तर तो तीन नंबरच्या खाली जात नाही.

सांगत मात्र कुणी नाही. मी स्वतः सांगितलं नव्हतं. माझा नेहमीचा न्हावी साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळचा, वीस वर्षांपासूनचा. शस्त्रक्रियेनंतर मी त्याला टाळलं. महिनाभराने डॉक्टरांनी मागचे केस कात्रीने नीट करायला परवानगी दिली तेव्हा मी दुसऱ्या भागातल्या, अनोळखी, एसी सलूनमध्ये गेलो. तिथल्या पोराने माझ्या बधिर डोक्यावर पहिला फटका चंपीचा मारला, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि निम्म्या कटिंगवर पैसे देऊन बाहेर पडलो. तसाच पोवई नाक्यावर आलो. माझ्या न्हाव्याने चादर झटकली, अंगावर घातली आणि आरशातून बघत म्हणाला, "मला सांगितलं असतं तर काय मी पेपरात दिलं असतं?" दुकानाच्या कोपऱ्यातली खुर्ची त्याने भिंतीकडे वळवली होती. तेव्हापासून मी त्याच खुर्चीत बसतो. चौथ्या आठवड्यात मागचं कात्रीने. वर काही नाहीच. तिसऱ्या महिन्यानंतर मागे-बाजूला मशिन. पाचव्या-सहाव्या महिन्यात वरच्या वाकड्या काड्यांची फक्त टोकं. प्रत्येक डॉक्टरचे आकडे आठवडा-पंधरवड्याने पुढेमागे असतात, आपापल्या डॉक्टरचे पाळावेत. पण वर्षभर कात्री नको असं मला कुणी डॉक्टर म्हणाल्याचं आठवत नाही.

म्हणजे हा समज येतो कुठून? माझ्या मते थोडा दवाखान्यांच्या कागदातून. मला घरी जाताना जो कागद मिळाला त्यावर फवाऱ्याचं होतं, गोळ्यांचं होतं, उशीचं होतं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: केस कापणे टाळा. किती दिवस, कुठले, कशाने, काही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केसरोपण कोणी करावं याविषयी सूचना काढल्या. नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून हे काम शिकता येत नाही, असं त्यात बजावलंय, आणि ते फार गरजेचं होतं. पण ऑपरेशन टेबलावरून उठलेला माणूस पुढचं वर्ष कसं काढतो, याकडे बघायला कुणाला वेळ नाही. मग ‘टाळा’ या शब्दाचं ‘वर्षभर’ होतं, वर्षभराचं ‘न्हावी नको’ होतं, आणि त्यावर कुणीतरी मोठा माणूस लेख लिहितो.

हे सगळं दिखाऊपणावर दिखाऊपणा आहे, असा एक टोलाही त्या लेखात आहे. त्याला उत्तर देत नाही. लेखकमहाशयांचा फोटो लेखाशेजारी छापलाय, आणि त्यांचे पांढरे केस फार सुंदर बसवलेले आहेत.

काल रविवार होता. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि त्या मुलाला जवळजवळ दंडाला धरून पोवई नाक्यावर नेलं. वाटेत त्याने डॉक्टरांना मेसेज टाकला. उत्तर आलं, कात्रीने खुशाल कापा. तरी खुर्चीत बसल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. माझ्या न्हाव्याने त्याचं डोकं इकडून तिकडून पाहिलं, बाजूची झुलपं कंगव्यात धरून कात्रीने उतरवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत मानेवरची शेपूट जमिनीवर आली. पुढच्या काड्यांना त्याने फक्त पाण्याचा फवारा मारला आणि टोकं टिपली. नव्याने लागलेला एक पोरगा सवयीने मागून आला, दोन्ही हात वर उचलले, तर न्हाव्याने न बघता त्याच्या मनगटावर कंगवा मारला.

मग कंगवा पुढच्या केसांत टेकवून त्याने विचारलं, "भांग कुठनं पाडू?"

मुलाने डोळे उघडले. आरशात बघत राहिला. त्याला हे कुणी सहा वर्षांत विचारलं नव्हतं.